शब्दाच्या खेळातल्या सावल्या

लग्न होऊन मी लोणीहून राजुरीत आले तेव्हा सासरी एक ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता आणि त्याचे मालक मामंजी होते. मामंजी म्हणजे माझे सासरे, एसटीतून कंडक्टर म्हणून नुकतेच रिटायर झालेले. टीव्ही लावायचा त्यांनी, बंद करायचा त्यांनी, आणि समोर कुणी कुठं बसायचं हेही तेच ठरवायचे. 'आत सरका, दारात थांबू नका,' हे वाक्य नोकरीबरोबर संपलेलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी एक खेळ लागायचा. त्याचं नाव काहीतरी भारी होतं, पण आमच्या घरी सगळे त्याला 'शब्दाचा खेळ' म्हणायचे. खेळ सोपा होता. एकाला चिठ्ठीवर शब्द दाखवायचे. त्यानं तो शब्द तोंडातून न काढता एकेका शब्दानं खूण द्यायची आणि जोडीदारानं ओळखायचं. चिठ्ठीवर 'गूळ' असेल तर एकानं म्हणायचं 'ऊस', दुसरा म्हणणार 'साखर', मग पहिल्यानं म्हणायचं 'ढेप'.

आवाज स्वच्छ यायचा. चित्राचं मात्र अवघड होतं. डोंगराआडून येता येता त्याचं काय व्हायचं कोण जाणे, पण पडद्यावर प्रत्येक माणसाच्या मागं, जरा उजवीकडं, आणखी एक फिकट माणूस दिसायचा. पुढच्यानं हात वर केला की मागचाही करायचा. पुढचा हसला की मागचाही हसायचा. मामंजींनी पहिल्याच रविवारी निकाल दिला, की या खेळात दर गड्यामागं एक मदतनीस बसतो.

मी नवी होते, तरी धीर करून म्हणाले, "मामंजी, काल पिक्चरमध्ये पण हिरो दोन दिसत होते."

"पिक्चरचं येगळं," मामंजी म्हणाले. "पिक्चरला दोन दिसले तर आँटिना हालला आसं समजायचं. ह्यो खेळ हाय. खेळाला नियम आस्त्यात."

तेवढ्यात वारा आला, पत्र्यावरचा आँटिनाचा पाइप हलला आणि मागचा फिकट माणूस सरकून पुढच्याच्या पाठीला चिकटला.

"बघा!" मामंजी ओरडले. "मागच्यानं हात लावला. इशारा दिला."

आणि खरोखरच पुढच्या क्षणी त्या गड्यानं शब्द ओळखला.

वर्षभरानं तो कार्यक्रम बंद झाला. घरात दोन रविवार सुतकासारखे गेले. तिसऱ्या रविवारी मामंजींनी शाळेची एक शंभर पानी वही आणली, तिच्यात नियम लिहून काढले आणि अंगणात सतरंजी अंथरून खेळ स्वतःच चालू केला. एका बाजूला दोन गडी, आणि प्रत्येकामागं एक 'सावली'. हा शब्द मामंजींचाच. सावलीनं चिठ्ठी बघायची, पण तोंड उघडायचं नाही. पुढचा जे करील तेच करायचं. पुढचा अगदीच अडला तर एकदा, फक्त एकदा, पाठीला हात लावायचा. घंटी मामंजींच्या हातात. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चला.

हे एखाद महिना चालेल असं मला वाटलं होतं. ते बारा वर्षं चाललं. वाडीवरची माणसं रविवारी पाय धुऊन अंगणात यायला लागली. कांद्याच्या काढणीत खेळ बंद, बाकी वर्षभर चालू. पुढं पुढं हळदीकुंकवाला बायका चिठ्ठ्या घेऊन बसायच्या, आणि एका लग्नात तर मांडवात वऱ्हाड जेवायचं सोडून खेळत बसलं होतं. सावली हा प्रकार गावात इतका मुरला, की कुणी कुणाच्या मागं मागं फिरायला लागलं तर म्हणायचे, "काय राव, सावली झालाय का त्याची?"

आता माझ्या सावलीबद्दल. ती म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या पश्चिमेकडच्या, डोंगरातल्या भातवाल्या गावच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्याला इकडची माणसं हसली होती. कुणी मुद्दाम नव्हे, सहजच, पण हसली. तेव्हापासून त्यांनी बोलणं 'हं' आणि 'न्हाई' एवढ्यावर आणून ठेवलं होतं. सावलीचं काम जणू त्यांच्यासाठीच काढलेलं. माझ्यामागं बसून मी मान खाजवली तर त्याही खाजवायच्या, मी जांभई दिली तर त्याही द्यायच्या, आणि समोरची बाजू हसून हसून खूण विसरायची. त्यांचा एकदाच लावायचा हात तर असा होता, की सगळा तळवा टेकला की खायची वस्तू, एक बोट टेकलं की माणूस, आणि नखानं जरा ओरखडलं की जनावर. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं, आपोआप होत गेलं. मामंजींच्या वहीत याला बंदी नव्हती, कारण मामंजींना हे माहीतच नव्हतं.

बारा वर्षांनी एक दिवस टीव्हीवर जाहिरात लागली. तोच खेळ परत येणार, नव्या रूपात. तोवर घरात रंगीत टीव्ही आला होता, केबल आली होती, माणसं एकेकटी दिसू लागली होती. पण इतक्या वर्षांत त्याचा आणि खेळाचा संबंध कुणी बोलून दाखवला नव्हता. मीही पहिल्या रविवारचं विसरून गेले होते.

त्या रविवारी बैठकीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मामंजी नवा शर्ट घालून पुढं. संगीत वाजलं, दिवे फिरले, दोन माणसं चकचकीत खुर्च्यांवर समोरासमोर बसली. मागं कुणीही नव्हतं. काच असावी तशी मोकळी जागा.

मामंजी म्हणाले, "मागची मान्सं कुठायत?"

मागून कुणीतरी म्हणालं, "यायची आसतील अजून."

"उशीर झाला आसंल. पुढच्या येळेला येतील," मामंजी म्हणाले.

पुढच्या वेळेला आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दरम्यान घरातल्या एकेकाच्या डोक्यात उजेड पडत होता. मला माझ्या नवऱ्यानं गोठ्यात गाठून सांगितलं, "अगं, ती आँटिनामुळं दिसनारी डबल मान्सं व्हती. पण म्हाताऱ्याला सांगनार कोन?" भाऊजींना, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याला, आधीच कळलं होतं. सासूबाईंना तर म्हणे बारा वर्षं माहीत होतं. "त्यांचा रविवार बरा जायचा," त्या एवढंच म्हणाल्या.

जाऊबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "म्हंजी मी इतकी वर्सं बसले, ती जागाच न्हवती का?"

एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. मी म्हणाले, "जाऊबाई, भाकरी करपतीये." भाकरी करपत नव्हती.

मामंजींनी मात्र कार्यक्रमवाल्यांना पत्र लिहिलं. चार पानी. नव्या लोकांना जुने नियम माहीत नसावेत, सावल्या वगळल्यानं खेळाची मजा गेली आहे, हवी असल्यास आमच्याकडं नियमांची वही आहे. महिनाभरानं एक छापील कार्ड आलं. 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. आपणही खेळू शकता', आणि खाली पुण्यातल्या निवडीचा पत्ता. असं कार्ड पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला जात असणार. मामंजींनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

"बोलावलंय त्यांनी," ते म्हणाले. "समजून घ्यायला."

पुण्याला कोण जाणार, तर वहीसकट मामंजी, मी आणि माझी सावली. निवड अकराला होती. मामंजींनी आम्हाला चारला उठवलं. आळेफाट्याला पहिली गाडी धरली, त्यात मामंजींनी कंडक्टरला दोनदा सांगितलं की मंचरला जास्त वेळ थांबू नको. आठला आम्ही पुण्यात. त्या हॉलचा वॉचमनसुद्धा आमच्यानंतर आला.

अकराला हातात पॅड घेतलेली एक मुलगी नावं लिहायला लागली. चुणचुणीत, गळ्यात ओळखपत्र. मामंजींनी कार्ड पुढं केलं, वही उघडली आणि सावल्यांपासून सुरुवात केली. तिनं बिचारीनं ऐकून घेतलं. मधे एकदा कपाळाला आठी घातली, मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"काका, अहो, ती डबल इमेज!" ती म्हणाली. "आमच्याकडं पण दिसायची, साताऱ्याला. सिग्नल डोंगराला आपटून यायचा ना. मागं कुणी नव्हतंच!"

ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. उलट तिला सातारा आठवून आनंदच झाला होता. मामंजींनी वही मिटली. रबर लावायला गेले, ते हातातून निसटलं. जाऊबाईंनी उचलून दिलं. मला वाटलं, आता घरी जाऊ या म्हणतील.

"दोघींनाच खेळता येईल," मुलगी म्हणाली. "एकीनं खुणा द्यायच्या, एकीनं ओळखायचं. खुणा कोण देणार?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "मी."

आत एका टेबलामागं दोन परीक्षक बसले होते. आम्ही समोरासमोर बसलो. इतक्या वर्षांत खेळताना मी जाऊबाईंचं तोंड पहिल्यांदा बघत होते. एरवी त्या कायम पाठीमागं. त्यांच्या हनुवटीवर घाम होता. दाराशी मामंजी उभे होते, वही काखेत.

पहिली चिठ्ठी. जाऊबाई म्हणाल्या, "चप्पल."

"समुद्र," मी म्हणाले.

परीक्षकांनी एकमेकांकडं बघितलं. पण बरोबर होतं. अलिबागच्या सहलीत लाटेनं त्यांची एक चप्पल नेली होती आणि दुसरी त्यांनी रागानं मागून फेकून दिली होती.

दुसरी चिठ्ठी. "टमाटी."

"पश्चात्ताप."

एका वर्षी सगळ्या रानात आम्ही टोमॅटो लावले होते आणि भाव पडले होते. जास्त सांगत नाही.

तिसरी. जाऊबाई जरा घुटमळल्या, दाराकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मामंजी."

"घाई," मी म्हणाले. दारातून एक हुंकार आला.

चौथीला मी पहिल्यांदा चुकले. त्या 'लाईट' म्हणाल्या, मी 'अंधार' म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "मोटार." शेतावरच्या सगळ्यांच्या मोटारी एकदम बंद पडल्यावर कान कसे मोकळे होतात, ते मला आठवलं. "शांतता!"

पाचवीला त्या 'डबा' म्हणाल्या आणि मी 'गुपित' म्हणाले. त्या डब्याची हकिगत इथं लिहीत नाही. मामंजी आता नाहीत, पण सासूबाई आहेत.

आठ चिठ्ठ्यांपैकी आठ. जाऊबाईंचा आवाज शेवटी शेवटी इतका चढला होता, की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावत होती. त्यांच्या त्या डोंगराकडच्या हेलात. कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी त्यांच्या लक्षात आलं असतं असं वाटत नाही.

एक परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "ताई, तुम्ही सगळं बरोबर ओळखलंत. पण बघणाऱ्याला कसं कळणार? आम्हालाच कळलं नाही. टमाटीवरून पश्चात्ताप?"

"तुमी टमाटी लावली न्हाई म्हनून," जाऊबाई म्हणाल्या.

आमची निवड झाली नाही. दोघींना कार्यक्रमाचं चित्र असलेला एकेक कप मिळाला. मामंजींनी आपणहून मागून तिसरा घेतला.

परतीच्या गाडीत खेड घाट चढेपर्यंत मामंजींनी कंडक्टरला एकदाही घाई केली नाही. मला काळजी वाटायला लागली. खिडकीबाहेर बघत ते अचानक म्हणाले, "म्हंजी सावली टीव्हीवाल्यांची न्हवतीच."

"न्हाई," मी म्हणाले.

"मग ती काढली कुनी?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "मी काढली!" ते वळून मागच्या सीटवरच्या पावण्यांना सांगायला लागले. नारायणगावपर्यंत अर्ध्या गाडीला कळलं, की टीव्हीवाल्यांकडं नाही असा एक खेळ राजुरीच्या एका माणसानं शोधून काढला आहे. आळेफाट्याला उतरताना कंडक्टरनं त्यांना नमस्कार केला.

पुढच्या रविवारी अंगणात वाद झाला. पोरंसोरं म्हणायला लागली की आता टीव्हीसारखं खेळू, सावल्या काढून टाका. मामंजी उसळले. जुनी माणसं त्यांच्या बाजूची. आवाज वाढला. तेव्हा जाऊबाई सतरंजीवर पुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सावली ऱ्हाऊ द्या. पर मी मागं बसायची न्हाई आता."

"मग तुझ्या मागं कोन बसनार?" मामंजींनी विचारलं.

"तुमी बसा की."

सून पुढं आणि सासरा तिच्यामागं, तिची नक्कल करत, हे वहीत कुठंच नव्हतं. बंदीही नव्हती. मामंजींनी थोडा विचार केला, घंटी सासूबाईंच्या हातात दिली आणि धोतर सावरत मागं जाऊन बसले. सासूबाईंनी 'चला'च्या दोन घंट्या दिल्या. समोरून मी खूण दिली, "माहेर." जाऊबाईंनी डोळे मिटून विचार सुरू केला. मागं मामंजींनीही मिटले. मग एक उघडला, चिठ्ठीकडं बघितलं, आणि त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"अगं पोरी, भात! भात म्हन की!"

सासूबाईंनी एक घंटी दिली.