तिसरा आग्रह

१४ मार्च १९५२, शुक्रवार. पहाटे पाणी गोठलेलं, दुपारी अंगणभर चिखल. उपासाचा शुक्रवार म्हणून बटाट्याचं सूप आणि आलुबुखारा भरलेले गोड पाव, कोलाचे. सैन्याच्या भरती मंडळाचा कागद आला: दोन्ही मुलांना कोरियाच्या लढाईचं बोलावणं. शेतीसाठी एका मुलाला घरी ठेवता येईल. नाव मी लिहिलं. काळीला गोऱ्हा झाला.

अल्बिना कुबातची रोजनिशी एवढीच असे. मठाच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं की वहीत घडलेलं लिहावं, वाटलेलं लिहू नये.

तिच्या थोरल्या मुलाची, मिलोची, म्हातारपणी गावात थट्टा व्हायची. त्याच्याकडे गेलेल्या माणसाला तो तीनदा कॉफी विचारी. गोठा पेटला तरी मिलो तिसऱ्यांदा विचारून मगच बादली उचलेल, असं लोक म्हणत. मिलोही त्यांच्याबरोबर हसत असे.

तशी तीनदा विचारायची रीत अमेरिकेत नेब्रास्कातल्या आमच्या सगळ्याच चेक घरांत होती. पहिल्यांदा विचारलं की ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदाही ‘नको’च. तिसऱ्यांदा विचारलं की कप पुढे सरकवायचा. पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणणारा माणूस हावरा ठरे.

त्या शुक्रवारी मिलो वीस वर्षांचा होता आणि त्याचा धाकटा भाऊ लॅडी एकोणीस. मिलो माळ्यावर बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करी. ओमाहा शहरातल्या रेडिओ शाळेची जाहिरात त्याने टोपीच्या अस्तरात घडी करून ठेवली होती. लॅडीला गाईंपलीकडे जग नव्हतं. गाय कोणत्या कुशीवर बसली आहे हे पाहून तो उद्याची हवा सांगायचा.

जेवण झाल्यावर त्यांच्या बापाने, रुडॉल्फने, कागद मिठाच्या भांड्याखाली सरकवला.

“एकालाच ठेवता येतंय. लॅडी, राहतोस का घरी?”

“नको बाबा, मिलोला ठेवा. मी गेलो तर तेवढेच कोलाचे वाचतील.”

“आत्ताच सात हाणलेत त्याने,” मिलो म्हणाला.

“मोजत बसला बघ, कारकुंडा!”

“अरे, थट्टा पुरे. नीट सांग. राहतोस?”

“नको म्हणतो ना. जरा जग तरी बघू दे.”

ही दोन ‘नको’ झाली. बाप तिसऱ्यांदा विचारण्याची मिलो वाट पाहत होता. लॅडी ‘बरं’ म्हणाला की लगेच ‘मग मी जातो’ म्हणायचं, हे त्याने ठरवून ठेवलं होतं. सैन्यात रेडिओ शिकवतात हे त्याला ठाऊक होतं. आपण होऊन ‘मला जायचंय’ म्हणणं मात्र बापाने वाढलेल्या ताटाला लाथ मारण्यासारखं झालं असतं. रुडॉल्फने कॉफीचा घोट घेतला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात गोठ्यात काळी हंबरली.

सगळ्यांच्या आधी उठला तो लॅडी. त्याची खुर्ची मागे आपटून तिचा पाय निखळला. “बाबा, काळी अडली!” म्हणत तो अनवाणीच धावला. वासराचा एक पाय आत दुमडलेला होता. लॅडीने खांद्यापर्यंत हात घालून तो सरळ केला. दोन तासांनी सगळे परत आले ते दमून, हसत, रक्ताने माखलेले. रुडॉल्फने हात धुतले आणि बायकोला म्हणाला, “अगं, ते कागदाचं उरकून टाक. घरी ठेवायला मिलोचं लिही.”

अल्बिनाने वळणदार अक्षरात नाव लिहिलं. मिलो टाक चालताना बघत राहिला. लॅडीला खरंच जग बघायचं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

मे महिन्यात वाण्याच्या दुकानासमोर बस उभी राहिली. लॅडीने पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळला.

“गोऱ्ह्याला माझं नाव नको हं ठेवूस. विकताना रडशील.” मग हसत म्हणाला, “बाबांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही रे.”

मिलो पुढे सरसावला. “मग तू बोलायचंस!”

“न विचारता? लोचटासारखं?”

दार लागलं.

ऑक्टोबरच्या शेवटी लॅडीची कोरियातली बातमी घेऊन तार आली, तेव्हा मिलो मक्याच्या शेतात होता. आई बांधावर येऊन उभी राहिली. ती कधी शेतात येत नसे, म्हणून मिलोने यंत्र बंद केलं. तार तिच्या हातातच होती.

शव मागाहून यायचं होतं. त्याआधीच्या रविवारी चर्चमध्ये लॅडीसाठी मिस्साची प्रार्थना झाली. शेजारणींनी आणलेलं जेवण टेबलावर तसंच पडून होतं. शेवटची बाई गेल्यावर रुडॉल्फने खिशातून एक चुरगळलेला कागद काढून मिठाच्या भांड्याखाली ठेवला. ती ओमाहाची जाहिरात होती. टोपी धुताना अल्बिनाला सापडलेली.

“मिलो, जातोस का? इथलं मी बघेन.”

बापाने कप हातात घेतला.

“नको बाबा.”

“जा की रे. तुझं मन कधीच नव्हतं इथे. मला दिसत नव्हतं होय?”

“नको.”

तिघंही गोठ्याच्या दिशेने कान देऊन बसले होते. तिकडे सारं शांत होतं.

रुडॉल्फने कप खाली ठेवला. दोन्ही हात टेबलावर पसरले आणि मिलोच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “तिसऱ्यांदा विचारतोय, पोरा.”

मिलोची नजर लॅडीच्या खुर्चीकडे गेली. निखळलेला पाय लॅडीनेच जाण्याआधी बसवला होता. खिळा थोडा तिरका गेला होता.

“नको,” मिलो म्हणाला.

बापाने कपाळ टेबलावर टेकलं. जाहिरात तिथेच राहिली. मिलोने उठून धार काढायची बादली घेतली. पुढची एकेचाळीस वर्षं त्याने त्याच गोठ्यात धार काढली.

त्या संध्याकाळी अल्बिनाने लिहिलं: कॉफी संपली. शनिवारी आणणे.