बिशानचा गुडघ्यांचा वर्ग

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तीन म्हातारे फौजी आठवड्यातून एकदा एका खोलीत बसवा, आपोआप साचत जातात. माझ्याकडे तर इतके साचलेत की परवा नवरा म्हणाला, "कोणाला तरी सांगून टाक, नाहीतर तुझी झोप उडेल." उडालीच आहे!

मी फिजिओथेरपिस्ट. सिंगापूरला, बिशानमधल्या आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये दर शनिवारी सकाळी 'गुडघ्यांचा वर्ग' घेते. वर्गात तिघं: साताऱ्याचे सुभेदार कदम, नागपूरचे हवालदार गायकवाड आणि मिलिटरीचे ट्रक चालवलेले नगरचे शिंदे. तिघेही रिटायर होऊन मुलांकडे आलेले. त्यांचं मिलिटरी हॉस्पिटल, ओळखीचे डॉक्टर, बरोबरची माणसं, सगळं तिकडे राहिलं. इथे मुलं ऑफिसला आणि हे दिवसभर फ्लॅटमध्ये. दुखणं गुडघ्यांत नाही, हे मला लवकरच कळलं. पण 'मनाचा वर्ग' म्हटलं असतं तर एक माणूस फिरकला नसता!

हे सांगायला त्यांची परवानगी आहे. अट एकच, "नावं बदला, मॅडम." बदलली आहेत.

*

पहिल्या दिवशी मी खुर्च्या छान गोलात मांडल्या आणि पाणी आणायला गेले. परत येते तर तिन्ही खुर्च्या मागच्या भिंतीला चिकटलेल्या! तिघांचीही नजर दारावर. मीच दार उघडून आत आले, तरी गायकवाडकाका खुर्चीतून अर्धे उठले होते.

"काका, जरा पुढे या ना," मी म्हटलं.

"इथून ऐकू येतं, मॅडम," कदमकाका शांतपणे म्हणाले. "दाराकडे पाठ करून बसणारे आमच्यात बरेच होते. आता नाहीत."

मी माझी खुर्ची उचलली आणि गुपचूप भिंतीला लावली.

*

मग एका शनिवारी मी डॉक्टर लिमना घेऊन आले. ते मानसोपचारतज्ज्ञ, पण मी नुसतंच सांगितलं, "माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत." ते इंग्लिशमध्ये विचारणार, मी मराठीत सांगणार.

लिमनी कदमकाकांना विचारलं, नसलेल्या गोष्टी कधी दिसतात का?

काकांना रागच आला. "नसलेलं काही दिसत नाही. जे होतं तेच दिसतं!"

मी भाषांतर केलं. लिम लिहिता लिहिता थांबले.

मग शिंदेकाका म्हणाले, "आणि त्यांना सांगा, हे गुडघ्यांचे डॉक्टर नाहीत हे आम्हाला कळलंय. मघापासून गुडघ्याला हात लावला नाही!"

गोळ्या मात्र तिघांनीही सुरू केल्या.

*

नॅशनल डेच्या आधी इथे परेडच्या तालमी चालतात. आम्ही पाय ताणत बसलो होतो आणि डोक्यावरून लढाऊ विमानं गेली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आवाज विरला तेव्हा तिघेही टेबलाखाली होते. गुडघे दुखणारी माणसं! आणि त्यांच्या शेजारी मी!

गायकवाडकाकांचे दात वाजत होते. त्या अवस्थेतही त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही का आलात?"

"तुम्ही गेलात म्हणून."

"शाब्बास," ते म्हणाले. "असंच करायचं. विचारायचं नंतर."

*

गायकवाडकाकांची मुलगी प्रज्ञा संशोधक आहे, सेंगकांग भागात राहते; काका तिच्याकडेच असतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये, इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये असते तशी, जाड भिंतींची आणि पोलादी दाराची एक खोली आहे. युद्ध झालंच तर लपायला! लोक तिथे सूटकेसा आणि तांदूळ ठेवतात.

अधूनमधून सरकार सायरन वाजवून बघतं. आधी सूचना येते. प्रज्ञाला ती आली होती, पण बाबांना सांगायचं राहून गेलं.

सायरन वाजला. ती लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. बाबांनी तिला दंडाला धरून उठवलं, त्या खोलीत ढकललं, आत येऊन दार ओढलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"बाबा, टेस्ट आहे!"

"खाली बस!"

"अहो बाबा, खरंच नुसती टेस्ट..."

"तोंड बंद! श्वास हळू घे!"

हा आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. बाबांचे डोळे तिच्याकडे होते, पण तिला बघत नव्हते. बाहेर सायरन थांबला तरी ते हलेनात. तिनं रडून पाहिलं, धक्का देऊन पाहिलं. फोन टेबलावरच राहिलेला. बाबा पहिल्यांदाच तिला परके वाटले. तिला त्यांची भीती वाटली.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

"बाबा! डाळ करपेल!"

गायकवाडकाकांनी चटकन दार उघडलं, तरातरा जाऊन गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले. मग प्रज्ञाच्या दंडावरचे वळ बघून विचारू लागले, "हे कोणी केलं गं?"

*

तिघांना जरा मोकळी हवा मिळावी म्हणून आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो. छोट्या बोटीनं पलीकडे जायचं, जुनी घरं, झाडी, सायकली. सगळं छान चाललं होतं. डांबरी रस्ता संपून मातीचा लागला आणि शिंदेकाका जागीच थांबले. एकेकाळी त्यांच्या पुढचा ट्रक अशाच रस्त्यावर सुरुंगावर गेला होता.

"कोणीही पुढे जायचं नाही," ते म्हणाले.

बरोबर आलेल्या शिंदेकाकू म्हणाल्या, "अहो, हे सिंगापूर आहे. लोक पोरांना घेऊन चाललेत!"

काकांचा शर्ट घामानं भिजला होता. ते मातीवर नजर लावून उभे, आणि आम्हालाही हलू देईनात. खरं सांगू? तेवढ्या वेळात मलाही ती माती वेगळी दिसायला लागली. एक पाऊल पुढे टाकायची माझी छाती होईना!

तेवढ्यात झाडीतून एक रानडुक्कर बाहेर आलं. चांगलं मोठं! काकू किंचाळल्या, मी सायकलीमागे, कदम आणि गायकवाड झाडामागे. डुक्कर आमच्याकडे बघत बघत त्या मातीच्या रस्त्यानं सरळ निघून गेलं.

शिंदेकाकांनी रुमालानं तोंड पुसलं. "चला," ते म्हणाले. "रस्ता साफ आहे!"

*

कदमकाकांच्या पाठीसाठी एमआरआय सांगितला. मुलगा ऑफिसच्या कामाला जकार्ताला, म्हणून मी बरोबर गेले.

काका एकदाच काय ते बोलले होते: वर पहाडात बर्फाचा कडा तंबूवर कोसळला, ते आत अडकले, सोबत वायरलेस सेट होता. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मशीनचं तोंड बघून ते दारातच थबकले. टेक्निशियन मुलगी फार गोड होती. तिनं त्यांच्या हातात एक रबरी फुगा दिला. "भीती वाटली, त्रास झाला, तर फक्त हा दाबायचा, अंकल. आम्ही लगेच बाहेर काढू." मी मराठीत दोनदा समजावलं. काकांनी मान डोलावली.

ते आत सरकले. मी काचेपलीकडे. मशीनची धडधड सुरू झाली. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. बोटं आधी ताठ होती, मग थरथरायला लागली, मग एकदम थांबली. "ते ठीक आहेत ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "फुगा दाबलेला नाही. म्हणजे ठीक आहेत." मी पायांवरून नजर काढली नाही.

फळी बाहेर आली. काकांचा गाऊन ओलाचिंब. खालचा ओठ दातांनी फुटला होता, हनुवटीवर रक्त. आणि तळहात उघडा, त्यावर तो फुगा जसाच्या तसा.

माझ्या तोंडून ओरडाच निघाला. "काका! दाबला का नाहीत? आम्ही इथे होतो, काचेपलीकडे!"

कदमकाका हळूच उठून बसले. हनुवटी पुसली.

"दाबला असता," ते म्हणाले, "आणि कोणी आलंच नसतं तर?"