गुडघ्याखाली

उस्तादांनी आवाज चढवलेला मुखेडच्या ठाण्यात कुणी ऐकला नव्हता. ते जमादार होते. नोकरीतल्या शिपायांना दर आठवड्याला शिकवण्याचं कामही त्यांच्याकडे होतं, म्हणून उस्ताद. निजामी राजवटीची ती अखेरची वर्षं. मी ठाण्यात कारकून होतो. कायदा उर्दूत, शिपाई मराठी नाहीतर तेलुगू बोलणारे. उस्ताद कलम वाचत आणि लगेच बोलीत फोडून सांगत.

जुन्या शिपायांना वर्ग जाचायचा. "उस्ताद, मिशा पिकल्या, आता कसली शाळा?" मारोती शिपाई एकदा म्हणाला.

"मिशा पिकल्या, डोस्कं कच्चंच हाय, मारत्या. ऐक गुमान."

फिर्यादीला आधी पाणी द्यायचं, हा त्यांचा पहिला नियम. "कोरड्या घशातून निम्मीच गोष्ट भायेर येते," ते म्हणत.

निजामाविरुद्धची चळवळ वाढली तसा वरून हुकूम आला: शिपायांना लाठीमार शिकवा. उस्तादांनी राजीनामा दिला. ठाण्याचे प्रमुख अमीनसाहेब यांनी तो परत केला. "अभी छोडोगे तो तुम्हें भी उन्हीं का आदमी समझेंगे." उस्तादांचा जळकोटचा भाचा सत्याग्रहींत होता. साहेबांना ते ठाऊक नव्हतं. चौकशी झाली असती तर कळलं असतं, म्हणून उस्ताद थांबले.

मग उस्तादांनी एकच वार शिकवला, गुडघ्याखाली. हात आपोआप तिथंच जाईपर्यंत घोटून घेतला. "पाय मोडला तर माणूस लंगडत का व्हईना, घरी जातो. डोस्क्याला लाठी लागू द्यायची न्हाई."

बाजाराच्या दिवशी सत्याग्रही झेंडा घेऊन आले. लाठीचा हुकूम सुटला आणि ते सगळे जमिनीवर बसले. शिपायांनी शिकल्याप्रमाणे खालीच मारलं. तिथं आता डोकी होती. भाचा वाचला. त्याच्या शेजारी बसलेला एक साळी जागीच गेला.

मारोती ठाण्यात परतला तो थेट उस्तादांकडं गेला. "उस्ताद, तुम्ही सांगितलं तिथंच मारलं हो."

अमीनसाहेब खूश होते. असा वर्ग निलंग्यालाही हवा, म्हणून उस्तादांची तिकडं बदली झाली. दुसरा राजीनामाही परत आला.

मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. पेटी टपावर चढली. निलंग्याला काय शिकवणार, असं विचारलं.

"लोक खाली बसल्यावर काय करायचं, ते मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "अन् मलाच शिकवायला धाडून राहिले."

ते आत जाऊन बसले. अमीनसाहेबांनी सोबतीला म्हणून दिलेला शिपाई त्यांना चिकटून बसला, आणि मोटार सुटली.