सी. हॅलमचा स्मॉक

अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलमध्ये लोक बेसमेंटमध्ये होम थिएटर करतात, बार करतात. लहू कांबळेच्या बेसमेंटमध्ये काचेचं कपाट आहे आणि त्यात तीन जुने, मळखाऊ रंगाचे अंगरखे टांगलेत. ते दाखवण्याआधी तो आपल्याला हात धुवायला लावतो. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणालो, "लहू, बोहारणीनं यावर चमचासुद्धा दिला नसता." पुढचे आठ दिवस त्यानं माझा फोन उचलला नाही.

हे दुसऱ्या महायुद्धातले स्मॉक. विमानातून उडी मारणारे ब्रिटिश सैनिक ते घालायचे. अंगात डोक्यावरून चढवायचे आणि मागचं शेपूट पायांमधून पुढे घेऊन अडकवायचं, म्हणजे हवेत फुगत नाहीत. त्यावरचे हिरवे-तपकिरी पट्टे ब्रशनं हातानं ओढलेले, म्हणून एकासारखा दुसरा नाही. खरे फार थोडे उरलेत, नकली मात्र ढिगानं मिळतात. लहू नोकरीत चिप बनवायची यंत्रं तपासतो, आणि त्याच संशयी नजरेनं शिवणी उलट्या करून बघतो. नकली दिसला की तो गोड बोलत नाही. त्यामुळे कलेक्टर मंडळींत त्याला मान आहे आणि मित्र कमी आहेत.

त्याचे आजोबा त्याच युद्धात ब्रह्मदेशात लढले. परत आले, पण गणवेश जमा करून. "एक बटण नाही यार आमच्याकडे," तो एकदा म्हणाला. "आजोबांचं नाव कुठं लिहिलेलंच नाही." म्हणून हा दुसऱ्यांची नावं सांभाळत बसलाय. हे कळल्यावर मला माझ्या त्या बोहारणीच्या विनोदाची लाज वाटली.

गेल्या उन्हाळ्यात त्याला चौथा स्मॉक मिळाला, आणि तोही भेट. देणाऱ्या विनीआजी पंचाण्णव वर्षांच्या. जन्मानं इंग्लिश, लग्न करून अमेरिकेत आलेल्या, आता जवळच्या सीनियर होममध्ये. स्मॉक त्यांच्या मोठ्या भावाचा, सिरिल हॅलमचा. नवा मिळाला म्हणून तो जुना आईकडे टाकून गेला आणि नव्यासकट हॉलंडच्या लढाईत कायमचा राहिला. कॉलरच्या आत त्यानं स्वतः काळ्या शाईनं लिहिलं होतं: सी. हॅलम.

"अकरा नोव्हेंबरला आमच्याकडे युद्धात गेलेल्यांच्या आठवणींची सभा असते," आजी लहूला म्हणाल्या. "तेव्हा हा घेऊन ये आणि आतलं नाव सगळ्यांसमोर वाच. माझे डोळे गेलेत." लहूनं शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी त्याला कामासाठी चँडलरला जावं लागलं. कपाटात जागा करायची राहिली होती म्हणून स्मॉक कागदात गुंडाळून त्यानं लाँड्री रूममध्ये ठेवला. एवढा हुशार माणूस, आणि ठेवला कुठे, तर लाँड्री रूममध्ये! आता त्याची बायको राधावहिनी कशी, तर दुकानातला नवा रुमालसुद्धा पाण्यातून काढल्याशिवाय वापरणार नाही. दुसऱ्याच्या घरातलं कापड धुतल्याशिवाय कपाटात जात नाही, हा तिच्या आईचा नियम, आपल्या सगळ्यांच्याच आयांचा. शिवाय नवऱ्याला खूश करायचं होतं. तिनं तो मशीनमध्ये टाकला नाही. टबमध्ये भिजवला, कॉलर ब्रशनं घासली आणि दोन दिवस बॅकयार्डमध्ये उन्हात वाळवला.

लहू परत आला आणि त्यानं कॉलर उलटी केली. नाव नव्हतं.

"धुतलास?"

"मग? किती मळला होता! तीनदा पाणी बदललं." मग वहिनीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. "लहू, काय झालं? अरे, बोल ना."

तो तिथंच फरशीवर बसला.

मला बोलावणं आलं आणि मी नेहमीप्रमाणे शहाणपणा केला. "आजींना दिसत नाही. जाडसा पेन घे आणि वर लिहून टाक. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आयुष्यभर नकली पकडले, संजय. आता नकली बनवू?"

"मग तोंडी म्हण. नाव पाठ आहे ना?"

"तिनं वाच म्हणून सांगितलंय. वाचायचं म्हणजे वाचायचं. पाठ म्हणायचं नाही."

राधावहिनीची भाची मैत्री मिशिगनमध्ये ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत जुन्या हस्तलिखितांवर काम करते. डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपणारा कॅमेरा तिच्या लॅबमध्ये आहे. पुसलेली शाई त्यात कधी कधी दिसते. कधी कधी, हे तिनं फोनवरच तीनदा बजावलं. तरी शनिवारी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होतो आणि वहिनी मागच्या सीटवर स्मॉक मांडीवर घेऊन गप्प बसली होती.

पहिल्या शनिवारी काही दिसलं नाही. दुसऱ्या शनिवारी नुसते डाग. तिसऱ्या शनिवारी मैत्री म्हणाली, "काका, मला नाही वाटत काही उरलंय. शाई पूर्ण वॉशआउट झालीये."

"पुढच्या शनिवारी लॅब ओपन आहे ना?" लहूनं विचारलं. मला त्याच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली.

चौथ्या खेपेला वहिनी पहिल्यांदा बोलली. ती रिकाम्या हातानं हवेतच ब्रश फिरवून बघत होती. "मी डावीकडून घासायला सुरुवात केली होती. शिवणीपाशी हात अडला, तिथं नीट घासलं गेलं नाही. मैत्री, उजवीकडे शिवणीच्या आत बघ गं."

मैत्रीनं शिवण ताणून धरली. स्क्रीनवर शेवटचा एम उमटला. त्यावरून ओळ कुठे होती ते कळलं, आणि दिवे बदलत बदलत मैत्री डावीकडे सरकत गेली. दुपारपर्यंत अगदी फिकट, पण अख्खं नाव समोर होतं. वहिनी हुंदके देऊन रडली. माझाही चष्मा पुसायला झाला. लहूनं फक्त विचारलं, "याचा प्रिंट मिळेल?"

अकरा नोव्हेंबरला वहिनी येणार नाही असं मला वाटलं होतं. ती सगळ्यांच्या आधी गाडीत बसली. "मी सांगणार," म्हणाली. "त्यानं वाचायच्या आधी सांगणार."

पण तिला ती संधीच मिळाली नाही. विनीआजींनी हात पुढे केले, स्मॉक मांडीवर घेतला, कॉलर नाकाशी नेली आणि तशाच थांबल्या. नावामागे आम्ही चार वेळा मिशिगन गाठलं होतं. वासाचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

"हा कोणी धुतला?" आजींनी विचारलं.

"मी," वहिनी उठून उभी राहिली. "आय ॲम सो सॉरी, आजी. मला माहीत नव्हतं."

आजी बाहीच्या टोकाची लोकर बोटांनी चाचपत राहिल्या.

"आई म्हणायची, तो आला की धुऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "आई गेली. मग मी म्हणत राहिले. ऐंशी वर्षं झाली." आणि मग वहिनीच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून, "उन्हात वाळवलास ना?"

"दोन दिवस."

"बरं केलंस. मला नसतं जमलं. आता वाचा, मिस्टर कांबळे."

लहूनं प्रिंट घडी करून खिशात टाकला. कॉलर उलटी केली, शिवणीजवळ बोट ठेवलं आणि एकेक अक्षरावरून सरकवत मोठ्यानं वाचलं. मी शेजारीच उभा होतो, कापडावर काहीही दिसत नव्हतं. पण शपथेवर सांगतो, तो पाठ म्हणत नव्हता.