दोन आखूड, एक लांब

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. ती घुमायला लागली की बाकीच्या बायका पाया पडायच्या. मी एकदा तिला विचारलं, सकाळपासून काही खाल्लंयस का? पोहे दिले, घुमणं थांबलं. अमावस्येला मी केस धुते. स्मशानाच्या रस्त्याने भाजी आणायला जाते, कारण तो जवळचा पडतो. चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, त्या रस्त्यावर मला कुत्र्यांशिवाय कोणी भेटलेलं नाही.

माझी नात ऋतुजा या ग्रुपवर लोक टाकतात ते भुताखेतांचे अनुभव मला फोनवरून वाचून दाखवते. निम्मे ऐकताना मला हसू येतं. तेव्हा माझं वाचून तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही. मी चौथीपर्यंत शिकले आहे, जमेल तसं लिहिते.

आम्ही कात्रजला राहतो. मी, मुलगा श्रीकांत, सून आणि ऋतुजा. ऋतुजा चोवीस वर्षांची, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. श्रीकांतला पाण्याची चीड आहे. भीती नाही, चीड. पन्नाशी उलटली तरी तो पोहायला शिकला नाही, मुलीलाही शिकू दिलं नाही. घरात पाण्याचा ड्रम काठोकाठ भरलेला त्याला चालत नाही. कारण तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील विहिरीत गेले.

त्यांचं कामच ते होतं. तेव्हा आम्ही लोणी काळभोरच्या बाजूला होतो. विहिरीत बादली पडली, भांडं पडलं, इंजिनाच्या पाइपाचा खालचा व्हॉल्व्ह निसटला, की लोक यांना बोलवायचे. हे कमरेला दोर बांधून बुडी मारायचे आणि वरचं टोक माझ्या हातात असायचं. दुसऱ्या कोणाच्या हाती दोर देत नसत. खालून बोलता येत नाही, म्हणून हिसके ठरलेले होते. एक हिसका म्हणजे ठीक आहे. तीन भराभर म्हणजे वर ओढ. आणि दोन आखूड, मग एक लांब, धरून ठेवलेला... म्हणजे दोर सैल सोड.

लग्नानंतर पहिल्यांदा दोर हातात दिला तेव्हा मला म्हणाले होते, "सैल मागितला की लगेच द्यायचा. वरनं तुला काय बी दिसत न्हाई. मी खाली हाय, मला ठावं हाय."

मी आठ वर्षं तो दोर धरला. मग एक दिवस ते वर आले ते तसेच आले. लोक म्हणाले, दम संपला. मीही तेच सांगत आले. त्या दिवशीचं खरं काय ते पुढे लिहिते.

आता मे महिन्यातलं. एका शनिवारी ऋतुजा स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी लागली. "आज्जी, उद्या माझ्याबरोबर चल. बाबांना सांगितलंय, तुला घेऊन रिसॉर्टला जातेय."

"आणि खरं कुठे?"

"स्कूबा. पाठीवर हवेचं नळकांडं लावून पाण्याखाली जायचं. चार महिने क्लास करतेय."

"बापाला कळलं तर?"

"म्हणून तर तुला नेतेय. तू असलीस की बाबा जास्त विचारत नाहीत."

मी गेले. तिला अडवायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण पाण्याचा त्यात काय दोष, हे मला श्रीकांतपेक्षा जास्त माहीत होतं.

जागा अशी. कात्रजच्या पुढे डोंगराच्या कडेला दगडाची जुनी, बंद पडलेली खाण आहे. काही वर्षांपूर्वी तिचा तळ एका बाजूला खचला, खालून झरे फुटले आणि मोठा खड्डा पाण्याने भरला. खोल फार नाही, तीन पुरुष, म्हणजे तीन माणसांच्या उंचीएवढं असेल. पण पाणी काळपट हिरवं, वीतभर खालचं दिसत नाही. कडेने उंबर वाढलेत. त्यांची मुळं कपारीतून सुटून पाण्यात उतरली आहेत, जाळं पसरावं तशी. ऋतुजा म्हणाली खारफुटीसारखी दिसतात. मी खारफुटी पाहिलेली नाही. मला ती सोडलेल्या केसांसारखी वाटली आणि आवडली नाहीत. सकाळचे अकरा वाजले होते, आभाळ भरून आलेलं, वारा अजिबात नाही.

शिकवणारे मंदार सर म्हणून तिशी-पस्तिशीचे गृहस्थ होते आणि ऋतुजाबरोबर शिकणारी गौरी नावाची मुलगी. बाकी कोणी नाही. त्या दिवशी डोळ्यांना काही दिसत नसताना हाताने चाचपून वस्तू शोधायची होती. सरांनी एक लोखंडी डबा पाण्यात टाकला होता. ऋतुजाने तो शोधायचा. तिच्या कमरेच्या पट्ट्याला कडीने पिवळा दोर अडकवला आणि दुसरं टोक काठावर गौरीकडे दिलं. सर स्वतः पोशाख घालून तयार बसले होते, गरज पडली तर उतरायला.

मला म्हणाले, "आजी, तुम्ही सावलीत बसा."

मी बसले. ऋतुजा खाली गेली. बुडबुडे दिसत होते. गौरीने दोर दोन बोटांत धरला होता आणि तो पाण्यावर नुसता तरंगत होता. मला बघवेना.

"गौरी, दोर धरलायस की कपडे वाळत घालायचेत?"

ती हसली. "का हो आजी?"

"पलीकडे माणूस आहे. ते हाताला लागायला पाहिजे. ओढायचं नाही, पण लागायला पाहिजे. इकडे आण."

"अहो, तुम्ही..."

"मी हे काम तुझी आई जन्मायच्या आधी केलंय."

तिने सरांकडे बघितलं. सर तिला म्हणाले, "दे, दे. पण तूही धरून ठेव." मी काठावर बसले, पाय दगडाला लावले, दोर तळहातावरून घेतला. गौरीने माझ्यामागे धरला. पंचेचाळीस वर्षांनी हातात दोर आला होता, तोही नायलॉनचा. पण पलीकडे ऋतुजा आहे हे लगेच कळलं. ती डावीकडे सरकत होती, थांबत होती, चाचपत होती. चांगलं काम करत होती.

पाच-सात मिनिटं गेली असतील. मग हालचाल थांबली. बुडबुडे उंबराच्या मुळांजवळ एकाच जागी यायला लागले. सर उभे राहिले. "एक हिसका द्या आजी."

मी दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नाही.

"अडकली बहुतेक," सर म्हणाले आणि पायांत पोहायची रबरी वल्ही चढवायला लागले. "गौरी, दोर ताण. हळूहळू ओढून घे. मी उतरतोय."

गौरीने मागून ताणला. मीही ताणणारच होते, हात तयार होते. तेवढ्यात दोर बोलला.

दोन आखूड. मग एक लांब... धरून ठेवलेला.

तो धरून ठेवायची एक पद्धत होती यांची. शेवटी जरासा दाब द्यायचे, हातात हात घेऊन दाबावा तसा. ते कोणाला शिकवता येण्यासारखं नाही, ते त्या हाताचं होतं.

आता खरं सांगते. त्या दिवशी विहिरीत हाच हिसका आला होता. मी मनात आकडे मोजत होते, हे शंभरपर्यंत दम धरायचे. साठाला हिसका आला. सैल सोड. काठावरचे लोक ओरडत होते, "ओढा, बाई, ओढा." मला सैल सोडवेना. हाताला ते पटेना. माणूस खाली अडकलाय आणि दोर सोडायचा? मी ओढला. माझ्यामागे आणखी चौघं लागली, पण आधी मी ओढला. दोर विहिरीतल्या इंजिनाच्या पाइपाला वळसा घालून आला होता. आम्ही ओढत राहिलो आणि ते पाइपावर आवळत राहिले. वर काढलं तेव्हा पोटावर दोराचा वळ होता. कोणाच्या नजरेस पडायच्या आत मी तो पदराने झाकला. दम संपला म्हणाले. मी हो म्हटलं.

तर खाणीच्या काठावर बसून मी दोर सोडला. गौरी ताणत होती, तिच्या मनगटावर चापट मारली. "सोड. दोन्ही हातांनी सोड."

"आजी, काय करताय? सर, या दोर सोडताहेत."

सर म्हणाले, "आजी, धरा. धरा म्हणतोय ना."

मी आणखी सोडला. दोर सरसर पाण्यात गेला, कोणीतरी घेत असल्यासारखा. सरांचा एक पाय पाण्यात, एक काठावर. आणि मुळांच्या अलीकडे ऋतुजाचं डोकं वर आलं.

सरांनी तिला काठाशी आणलं. तोंडातली नळी काढून ती खोकली आणि म्हणाली, "डबा नाही सापडला."

मग सांगितलं. मुळांच्या जाळ्यात ती पाठीवरच्या नळकांड्यासकट अडकली होती. दोर एका मुळाला वळसा घालून तिच्या मानेपाशी हवेच्या नळीवरून गेला होता. वरून जरा ताण आला की नळी तोंडातून उपसायला लागायची. ती दोन्ही हातांनी नळी धरून होती. मग दोर एकदम ढिला पडला, नळीवरून आपोआप खाली सरकला. हात मोकळे झाले तशी तिने मुळं सोडवली. पुन्हा अडकू नये म्हणून तिने कमरेची कडी उघडून तो सोडूनच दिला.

"मग हिसके कधी दिलेस?" मी विचारलं.

"कसले हिसके? आज्जी, मी दोराला हात लावूच शकत नव्हते."

सर माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही दोर का सोडलात?"

"मागितला म्हणून."

तिघं बाजूच्या खडकावर गेले. सर तिची नाडी बघत होते, गौरी टॉवेल देत होती. मी तिथेच बसले होते. दोर माझ्या मांडीवर होता. दुसरं टोक पाण्यात, त्याला कोणी नाही.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. मुळांत अडकलेला दोर माणूस धडपडला की हिसकतो. दोन आखूड, एक लांब असाही हिसकू शकतो. सर नंतर तेच म्हणाले आणि मी मान्य केलं.

पण मांडीवरचा दोर हलला. तीन हिसके, भराभर.

वर ओढ.

विहिरीतल्या त्या दिवशी हा हिसका आलाच नव्हता. येऊ दिला नव्हता मी.

मी कोणाला हाक मारली नाही. पाय दगडाला लावले आणि ओढायला लागले. जड होतं. मूळ अडकलं तर नुसतं जड लागतं, एकसारखं. हे तसं नव्हतं. वर येणारा माणूस पाय मारतो, तेव्हा दोर क्षणभर हलका होतो आणि पुन्हा जड होतो. तसं होत होतं. आठ वर्षं मी ते वजन ओढलं आहे. माझे हात सोलले, मी थांबले नाही. पाण्यावर काही दिसत नव्हतं, बुडबुडासुद्धा नाही. हातभर राहिलं असेल... आणि दोर मोकळा झाला. कडी वर आली. उघडीच होती. तिला काही नव्हतं.

मी पाण्याकडे बघत बसले.

ऋतुजाने घरी जाताना गाडीत माझे तळहात बघितले. "आज्जी, हे काय झालं?"

"सवय राहिली नाही," मी म्हटलं.

ते पाणी यांचं नव्हतं. ती विहीर शहराच्या दुसऱ्या टोकाला, कधीच बुजवली, वर आता दुकानं आहेत. मग इथे कोण आलं आणि का आलं, मला सांगता येत नाही. मला वास आला नाही, आवाज आला नाही, कोणी दिसलं नाही. माफ केलं असं कोणी म्हणालं नाही, आणि मी ते मानूनही घेणार नाही. दोर मोकळा झाला तो मीच पुन्हा उशीर केला म्हणून, की काम झालं म्हणून, हेही मला माहीत नाही. सहा महिने विचार केला, उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर लिहा, पण मला उपास आणि तोडगे सांगू नका.

हे सगळं मी वहीत लिहिलं आहे. इथे टाकण्यासाठी कोणीतरी टाईप करायला हवं. ऋतुजा पटकन करून देईल. पण वही मी तिला देणार नाही, श्रीकांतला देणार आहे. त्याला एक एक अक्षर शोधत टाईप करावं लागतं, म्हणजे प्रत्येक शब्द वाचावा लागेल. पंचेचाळीस वर्षं तो पाण्यावर रागावला आहे. पाण्याने काही केलं नव्हतं.

तुम्ही हे वाचत असाल, तर त्याने शेवटपर्यंत टाईप केलं आहे.