टाकीच्या कडेला टांगलेली झडप

डेल टिअर्नीने होबार्टच्या त्या बोटींच्या यार्डात एकतीस वर्षं काढली होती आणि तेवढ्या वर्षांत भल्याभल्यांना रडवलं होतं. संगणकावर बोट उभी करताना तिचा एकच हेका असे: प्रत्येक भाग बोटीच्या मूळ रेषांना टांगा, म्हणजे त्याची जागा तिथून मोजा, शेजारच्या भागाच्या कडेपासून नाही. शेजाऱ्याच्या भिंतीवर आपलं छप्पर टेकवलं, तर तो भिंत हलवेल तेव्हा रडायचं कुणी?

शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. त्याआधी तिच्या फेरीबोटीचं मॉडेल तिच्याच हाताखाली शिकलेल्या मेरिनच्या हाती द्यायचं होतं. यार्डाची रीत अशी की, मॉडेल करणाऱ्याने हात मांडीखाली दाबून गप्प बसायचं आणि घेणाऱ्याने तीन आकडे बदलायचे. कुठे जोड तुटल्याची लाल खूण उमटली की मॉडेल नापास. आज नापास झालं तर पुढच्या दोन बोटी मेलबर्नचं यार्ड नेणार होतं. मेरिनची नोकरीही त्यांच्याबरोबर जाणार, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"लांबी दोन मीटर वाढव," मालक गार्थ म्हणाला.

मेरिनने आकडा टाकला. बोट लांबली. लाल काही नाही.

"डेक वर घे."

डेक वर गेला. डेलने हात मांडीखाली आणखी दाबले.

"आता इंजिन मोठं. त्याने डिझेलची टाकी तीनशे मिलिमीटर पुढे सरकेल."

पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. मग चाक थांबलं. सगळं स्वच्छ.

"जमलं, म्हातारे!" गार्थने टेबलावर थाप मारली. "मेरिन, पत्रे कापायला पाठव. मशीन सकाळपासून आ वासून बसलंय."

मेरिनचा हात माउसकडे गेला. तेवढ्यात डेलला दिसलं. इंजिनरूममधून जीव वाचवून वर यायची झडप, म्हणजे डेकमधलं वर उघडणारं झाकण, टाकीबरोबर पुढे सरकली होती आणि नेमकी लाइफ जॅकेटांच्या जड पेटीखाली आली होती. तुटलं काहीच नव्हतं, म्हणून लाल खूणही नव्हती. ती झडप टाकीच्या कडेला कुणी टांगली होती? खुद्द तिनेच, दोन वर्षांपूर्वी, एका घाईच्या दुपारी.

"थांब!" तिने हात सोडवले. "गार्थ, ती झडप उघडणारच नाही. चूक माझी आहे. मॉडेल नापास."

गार्थ वाकून बघत राहिला. मग मशीनवाल्यांना थांबवायला बाहेर गेला.

मेरिन रडवेली झाली होती. "डेल, मला दिसलं होतं गं. तुझ्याआधीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी शेवटची बोट. म्हटलं, तुझी शोभा कशाला करू? सोमवारी गुपचूप नीट केलं असतं."

"पत्रे आज कापणार होते, बाई!" डेलचा आवाज चढला. या पोरीवर तिची पोटच्या लेकीसारखी माया होती, म्हणून राग आणखीच पेटला. "झडप मी दुपारपर्यंत मूळ रेषेला टांगेन. माझी चूक पाहून तू गप्प बसलीस, ते मी कसं दुरुस्त करू?"