बाबांचा 'शिरलॉक'

मंडळी, आज कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, म्हणून इथे लिहितोय.

आमचं आडनाव शिरोळकर. प्रसिद्ध विलायती गुप्तहेराच्या नावावर कोटी करून माझ्या बाबांनी 'शिरलॉक' हा शब्द काढला. डोळ्यासमोरची वस्तू कुणाला खूप शोधून सापडली, की बाबा म्हणायचे, "वा, शिरलॉक!" पुण्याहून नोएडाला आलो तरी तो शब्द घरात टिकला. माझी मुलगी सई मराठीत अडखळते, पण हे रोज म्हणते.

हल्ली बाबा विसरायला लागलेत. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

आज संध्याकाळी ऑफिसमधून आलो, तर बाबा सोसायटीच्या गेटपाशी सईचा हात धरून उभे होते. मला बघून त्यांनी अदबीने विचारलं, "भाईसाहब, यहाँ शिरोळकर कहाँ रहते हैं?"

सईला वाटलं, आजोबा गंमत करताहेत. ती म्हणाली, "अरे यार आजोबा, तुम्हीच तर शिरोळकर. आणि हे पप्पा. वा, शिरलॉक!"

परक्या मुलीचं कौतुक करावं तसे बाबा हसले. मग मला हळूच म्हणाले, "बड़ी प्यारी बच्ची है. आपकी है?"

मी "जी" म्हणालो आणि त्यांना वर घेऊन आलो.

तेव्हापासून सई विचारतेय, आजोबा असं का बोलले? तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं असेल, तर सांगा. लेकरांना तुम्ही काय सांगितलंत?